'सेस्क्विपिडेलियन' : लांबीचा निकष आणि औचित्याचा विसर

परभाषेतील संकल्पना मराठी समीक्षेत येतात तेव्हा त्यांची थोडीफार तपासणी होते. त्यांना पर्याय सुचवले जातात, त्यांच्या मर्यादा दाखवल्या जातात. परभाषेतील दूषणे मात्र जकात न भरता आत येतात. 'सेस्क्विपिडेलियन' हे इंग्रजी विशेषण अशा विनाजकात मालापैकी एक आहे. खुद्द इंग्रजीतही ते विरळाच वापरले जाते. परंतु एखाद्या समीक्षालेखाची परिभाषा जड वाटू लागली, की परीक्षणकर्ता अथवा प्रबंधाचा परीक्षक ते बाहेर काढतो, 'लांबलचक शब्दांची हौस असलेला' असा त्याचा अर्थ सांगतो, आणि शब्द मुळात होरेसचा आहे हे सांगून आपल्या नापसंतीला दोन हजार वर्षांचे पाठबळ मिळवून देतो. हे पाठबळ खोटे आहे. होरेसने शब्दांची लांबी मोजून कोणालाही दोषी ठरवलेले नाही. त्याने एक विशिष्ट प्रश्न विचारला होता : कोणत्या माणसाच्या तोंडी, कोणत्या अवस्थेत, कोणते शब्द शोभतात? तो प्रश्न गाळून केवळ लांबीची पट्टी उचलण्याचे काम इंग्रजीने केले, आणि तेही स्वतःच्या घरगुती भांडणापायी. ती पट्टी मराठीत आणल्यामुळे निर्दोष लेखक पकडले जातात आणि खरे अपराधी राजरोस सुटतात.

प्रथम शब्दाकडेच पाहिले पाहिजे. लॅटिनमधील 'सेस्क्विपेडालिस' या विशेषणाचे दोन घटक आहेत. 'पेस' म्हणजे पाऊल, आणि पावलावरून ठरलेले लांबीचे माप. संस्कृत 'पद', 'पाद' आणि हा 'पेस' एकाच मूळ धातूची संतती होत. 'सेस्क्वि' हा घटक 'सेमिस' म्हणजे अर्धा आणि 'क्वे' म्हणजे 'आणि' यांच्या संयोगातून झाला. म्हणजे शब्दशः 'आणि अर्धा'. एक हा आकडा त्यात उच्चारलेलाच नाही, तो गृहीत आहे. मराठी 'दीड'चीही गत फारशी निराळी नाही. संस्कृत 'द्व्यर्ध', प्राकृत 'दिवड्ढ' आणि मग 'दीड' : दुसरा अर्धा, एवढेच तेथे सांगितले आहे, पहिला पूर्ण आहे हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. एकाहून अर्ध्याने अधिक असलेल्या गोष्टीकडे दोन्ही भाषांनी संशयाने पाहिले, हीसुद्धा गंमतच. होरेसने शब्दांना दीड पावलाचे म्हटले. मराठीने माणसाला दीडशहाणा म्हटले. शहाणपण दुप्पट झाले असते तर कदाचित तक्रार नव्हती.

लॅटिनमध्ये हे विशेषण काव्यशास्त्राचे नव्हते. ते गवंडीकामाचे आणि सुतारकामाचे होते. इसवी सन पूर्व ५५ मध्ये सीझरने ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल बांधला. त्या बांधकामाच्या वर्णनात तो नदीच्या तळात ठोकलेल्या तुळयांना हेच विशेषण लावतो. तेथे ते जाडीचे माप आहे. व्हिट्रूव्हिअस आपल्या वास्तुविद्येच्या ग्रंथात उष्ण स्नानगृहाची जमीन कशा विटांनी फरसावी हे सांगताना हाच शब्द वापरतो. रोमन पाऊल सुमारे २९.६ सेंटिमीटरचे, तेव्हा दीड पाऊल म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर. यात कोणतीही निंदा नाही. तुळई दीड पावलाची असावी लागते, वीटही. ती तशी आहे म्हणून कोणी गवंड्याला आढ्यतेखोर म्हणत नाही.

येथेच मराठी पर्यायाचा प्रश्न निकालात निघतो. वर्गात आणि टिपणवह्यांत या शब्दाला सर्रास 'दीडफुटी' म्हटले जाते. 'फूट' हे माप मराठीत इंग्रजांबरोबर आले. 'दीडफुटी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे शाळेतील पट्टी येते, आणि शब्दाची टवाळीही शाळकरी होते. रोमन मोजणीत दीड पाऊल म्हणजेच एक 'क्युबिटुस', कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, आणि तिचे विभाग २४ बोटे. भारतीय मोजणीत २४ अंगुले म्हणजे एक हस्त. लॅटिनमधले दीड पाऊल आणि मराठीतला एक हात ही एकच लांबी आहे. तेव्हा होरेसच्या शब्दाला मराठी शब्द हवा असेल, तर तो कोणी घडवण्याची आवश्यकता नाही. 'हातभर' हा शब्द घरात पडून आहे. 'बारा हात काकडी, तेरा हात बी' म्हणणाऱ्या भाषेला अतिशयोक्ती हातांनी मोजण्याची सवयही आहे. 'हातभर शब्द' म्हटले की टवाळी कळते, आणि तिचे मूळ मापही शाबूत राहते.

आता होरेसकडे वळता येईल. पिसो पितापुत्रांना उद्देशून लिहिलेल्या आणि पुढे 'आर्स पोएटिका' या नावाने ओळखल्या गेलेल्या पद्यपत्राच्या ४७६ ओळींपैकी ९७व्या ओळीत हा शब्द येतो. ओळ सुटी उचलली की ती हातभर शब्दांविरुद्ध काढलेला फतवा वाटते. तिच्या आधीच्या आठ ओळी वाचल्या की फतवा विरघळतो. होरेस तेथे सांगतो की विनोदी विषयाला शोकात्म नाटकाची पद्यरचना मानवत नाही, आणि थिएस्टीसच्या भीषण भोजनाची कथा हलक्या बोलीत सांगणे त्या कथेला सहन होत नाही. ज्याने त्याने आपल्या वाट्याला आलेली जागा सांभाळावी. परंतु हा नियम घालून देताच तो त्याला अपवादांची जोड देतो. सुखात्मिकेलाही कधी आवाज चढवावा लागतो, संतापलेला बाप गाल फुगवून गर्जतो. आणि शोकात्म नाटकातील माणूस पुष्कळदा पायी चालणाऱ्या भाषेत रडतो. टेलिफस आणि पेलिअस हे दोघे दरिद्री आणि निर्वासित झाले असताना, आपल्या विलापाने प्रेक्षकाचे हृदय हेलावावे असे त्यांना वाटत असेल, तर ते फुगीर कुप्या आणि हातभर शब्द टाकून देतात.

या विधानात चार अटी आहेत : बोलणारा कोण, त्याची अवस्था काय, तो कशासाठी बोलतो आहे आणि ऐकणारा कोण आहे. यांतील एकही अट काढली तर वाक्य कोसळते. टेलिफस राजा असताना आणि सिंहासनावरून बोलत असताना त्याने काय करावे, याबद्दल होरेस येथे चकार शब्द काढत नाही. किंबहुना 'टाकून देतो' या क्रियापदातच हे गृहीत आहे की ते शब्द आधी त्याच्याजवळ होते आणि ते त्याचेच होते. राजवस्त्रे उतरवणाऱ्याजवळ राजवस्त्रे असावी लागतात.

टेलिफसची निवडही सहज झालेली नाही. मिसिआचा हा राजा अकिलीसच्या भाल्याने जखमी झाला, आणि बरे होण्यासाठी भिकाऱ्याच्या वेषात ग्रीकांकडे गेला. युरिपिडीझने इसवी सन पूर्व ४३८ मध्ये त्याला चिंध्यांत रंगमंचावर उभे केले. राजाने फाटके नेसून प्रेक्षकांसमोर यावे हे ॲरिस्टोफेनिसला इतके झोंबले की इसवी सन पूर्व ४२५ मधल्या 'अकार्नियन्स'मध्ये त्याचा नायक युरिपिडीझच्या घरी जाऊन टेलिफसच्या त्याच चिंध्या उसन्या मागतो. होरेसच्या वाचकाला हा सगळा इतिहास ठाऊक होता. त्यामुळे शब्द टाकून देण्याची त्याची कल्पना वस्त्रे टाकून देण्याच्या प्रसिद्ध प्रसंगावर बेतलेली आहे, हे त्याला सांगावे लागले नाही. चारशे वर्षांपूर्वी ज्या वेषाची थट्टा झाली, त्याच वेषाला साजेशी भाषा होरेस येथे मागतो आहे. म्हणजे ही ओळ साधेपणाच्या बाजूची म्हणावी, तरी ती युरिपिडीझच्या विशिष्ट साधेपणाची आहे. सरसकट साधेपणाची नव्हे.

शब्दखेळाकडे तर इंग्रजी कोशांनी पूर्ण पाठ फिरवली आहे. ९५व्या ओळीत 'पायी चालणारी' या अर्थाचे 'पेडेस्ट्रिस' हे विशेषण येते, दोन ओळींनंतर 'सेस्क्विपेडालिस'. दोन्हींत तोच पाय. एक भाषा पायी चालते, दुसरी दीड पावलाची आहे. गरीब झालेला राजा दुसरी सोडून पहिलीवर येतो. संस्कृतात हा खेळ फुकट मिळाला असता, कारण तेथे 'पद' म्हणजे पाऊलही आणि शब्दही. शिवाय 'पेस' म्हणजे छंदातील गणही. होरेसच्या षट्गणी ओळीत 'सेस्क्विपेडालिआ' हा शब्द नेमके दोन गण व्यापतो. मराठी छंदःशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर दोन भगण, एकापाठोपाठ एक. दीड पायाचा म्हणून हिणवलेला शब्द प्रत्यक्षात दोन पाय पसरून बसला आहे. ज्याला लांब शब्दांचा तिटकारा आहे तो कवी आपल्या ओळीचा तिसरा हिस्सा एका शब्दाला बहाल करत नाही. होरेस येथे हसतो आहे, आणि हसताना स्वतःही हातभर शब्द वापरतो आहे.

त्या ओळीत आणखी एक वस्तू आहे, आणि तिचाच विसर सर्वांत महाग पडला. होरेसने दोन गोष्टी टाकायला सांगितल्या : हातभर शब्द आणि 'अंपुला'. अंपुला म्हणजे गोल पोटाची, अरुंद गळ्याची तेलाची कुपी. त्यावरून फुगीर बोलणे. ही दोन दूषणे एक नाहीत. पहिले मापाविषयी आहे, दुसरे पोकळीविषयी. इंग्रजीने मापाचे दूषण ठेवले. पोकळीचे दूषण प्रचारात राहिले नाही. परिणामी दोन अक्षरी फुगाऱ्याला नावच उरले नाही. मराठी परीक्षणांतील 'अस्सल', 'सकस', 'कसदार', 'जिवंत' या शब्दांकडे या दृष्टीने पाहावे. लांबी विचाराल तर एकही शब्द बोटभर नाही. पण 'ही कविता अस्सल आहे' या विधानाच्या पोटात हात घातला तर काय लागते? परिभाषेच्या नावाने नाक मुरडणारा समीक्षक आपल्या लेखात अशा पाचपन्नास कुप्या ओळीने मांडून ठेवतो, आणि त्याची भाषा मात्र 'सुबोध' ठरते.

इंग्रजीने अर्धेच दूषण का ठेवले, याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात लॅटिनमधून शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला, तेव्हा त्याला 'शाईच्या शिंगातले शब्द' म्हणून हिणवले गेले. टॉमस विल्सनने १५५३ मधील आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथात अशा शब्दांनी लडबडलेले एक विडंबनात्मक पत्र छापले. त्यातील काही शब्द आज कोणालाच कळणार नाहीत. पण 'सेलिब्रेट', 'कपॅसिटी', 'डेक्स्टेरिटी' हेही त्याच पत्रात आहेत, आणि आज त्यांना शाळकरी मूलसुद्धा अवघड म्हणणार नाही. मराठीत १९६२ च्या 'पदनाम कोशा'ला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटले. ती कोटी अजून सांगितली जाते, आणि ती सांगणारा त्याच दमात सचिव, संचालक, आयुक्त हे शब्द न अडखळता उच्चारतो. शब्द परका वाटतो तोवर तो लांब वाटतो. रुळला की त्याची लांबी कोणी मोजत नाही. हातभर शब्दांविरुद्धच्या तक्रारीतला पुष्कळसा भाग हा नवेपणाविषयीचा आहे. या बाबतीत तर होरेस तक्रारदाराच्या थेट विरुद्ध बाजूला उभा आहे : त्याच पत्रात, पन्नासाव्या ओळीच्या आसपास, तो नवे शब्द पाडण्याचा कवीचा हक्क मान्य करतो, आणि झाडाची पाने जशी झडतात आणि नवी येतात तसे शब्दांचे होते असे सांगतो.

'सेस्क्विपिडेलियन' हे विशेषण इंग्रजीत रुजले ते या भांडणाच्या पाठोपाठ, सतराव्या शतकात. तेव्हापासून इंग्रजीत लांब शब्द म्हणजे लॅटिन शब्द, लॅटिन म्हणजे परका, पंडिती, उच्चभ्रू. आणि आखूड शब्द म्हणजे सॅक्सन, देशी, प्रामाणिक, हे समीकरण पक्के होत गेले. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये आखूड शब्द लांबापेक्षा बरा आणि सॅक्सन शब्द लॅटिनजन्य शब्दापेक्षा बरा, असे दोन नियम शेजारीशेजारी ठेवले. ते शेजारीशेजारी ठेवले यातच सारे आले. १९४६ मध्ये ऑर्वेलने राजकारण आणि इंग्रजी भाषेवरील निबंधात जेथे आखूड शब्दाने भागते तेथे लांब शब्द वापरू नये असा नियम घातला. नियम पाळताना रानटी बोलण्याची वेळ येणार असेल तर तो खुशाल मोडावा, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. पण अवतरणांच्या बाजारात पुस्ती खपत नाही. ऑर्वेलची मूळ चिंता खोट्या बोलण्याविषयी होती, आणि ती रास्त होती. मात्र लबाडीला आखूड शब्द वर्ज्य आहेत असे मानण्याला कोणताच आधार नाही. विसाव्या शतकातील घोषणा तीनचार अक्षरांच्याच होत्या.

जॉन्सनचे उदाहरण येथे अपरिहार्य आहे, कारण इंग्रजीतील हातभर शब्दांचा तो मानकरी समजला जातो. १७५५ च्या त्याच्या कोशात 'नेटवर्क' या साध्या शब्दाची व्याख्या त्याहून कितीतरी अवघड लॅटिनजन्य शब्दांनी केलेली आहे, आणि तिची थट्टा अजून चालू आहे. परंतु त्याच जॉन्सनचे 'रासेलस' कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. पुढे निबंधमालेत विष्णुशास्त्र्यांनी त्याच्यावर स्वतंत्रपणे लिहिले. मराठी निबंधाच्या पल्लेदार वाक्याची घडण शोधताना जॉन्सनला वगळता येत नाही. ज्या शैलीला इंग्रजांनी आपल्या घरी हातभर म्हणून हिणवले, तिच्या साहाय्याने एका वसाहतीतील भाषेने वाद घालण्याजोगे गद्य कमावले. १८७४ मध्ये निबंधमाला सुरू करणाऱ्या माणसाला आखूड, पायी चालणारे वाक्य शोभले असते काय, हा प्रश्न होरेसचा आहे. त्याचे उत्तर लांबी मोजून मिळत नाही. ते वाक्य कोणापुढे आणि कशासाठी उभे राहिले होते, हे पाहूनच मिळते.

मराठीत लांबीचा निकष आणखी एका कारणाने फसतो. इंग्रजी वाचकाला लांब लॅटिन शब्द बहुधा अखंड दगडासारखा भेटतो. त्याचे तुकडे त्याला आतून दिसत नाहीत. मराठीतील लांब शब्द बहुतेक वेळा समास असतो, आणि त्याचे तुकडे ओळखीचे असतात. 'अर्थनिर्णयनप्रक्रिया' हा शब्द देखणा नसेल, पण अर्थ, निर्णय आणि प्रक्रिया हे घटक पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. उलट मराठी समीक्षेत खऱ्या अर्थाने अवघड ठरलेले शब्द कोणते? रस, ध्वनी, रीती, लय. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्यात शतकानुशतके एकमत झाले नाही, आणि वादाचा विषय असलेला शब्द दोन अक्षरांचा होता. मर्ढेकरांच्या 'लय' या शब्दाने मराठी सौंदर्यशास्त्राला जेवढे काम पुरवले तेवढे त्यांच्या कोणत्याही लांब संज्ञेने पुरवले नाही. लांबीच्या निकषाने हे सगळे शब्द निर्दोष सुटतात.

याच ठिकाणी आनंदवर्धनाची आठवण होणे साहजिक आहे. नवव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात संघटनेचा विचार केला आहे. समासरहित, मध्यम समासांची आणि दीर्घ समासांची असे तिचे तीन प्रकार तो सांगतो, आणि त्यांतील कोणता कोठे वापरायचा हे वक्ता, वाच्य आणि काव्यप्रकार यांच्या औचित्यावर सोपवतो. दीर्घ समास त्याला मुळात वर्ज्य नाही. रौद्रात तो चालतो. पण त्याचा आग्रह धरू नये, असे तो बजावतो, आणि कारणही देतो : दीर्घ समासाचा विग्रह अनेक प्रकारांनी होऊ शकतो, त्यात मन अडते आणि रसप्रतीतीत खंड पडतो. हा धोका अभिनेय काव्यात अधिक, आणि करुण व विप्रलंभ शृंगारात विशेष. करुण प्रसंग, रंगमंच आणि लांब शब्द : होरेसच्या टेलिफसची हीच जागा आहे. दोघांची कधी गाठ पडली नाही, त्यांच्यात देवघेव झाल्याचे मानण्याची गरजही नाही. पण आनंदवर्धन एक पाऊल पुढे गेला आहे, हे नोंदवले पाहिजे. होरेसने शब्द टाकावेत एवढे सांगितले. ते का अडतात याची यंत्रणा आनंदवर्धनाने दाखवली. अडचण लांबीची नाही, विग्रहाच्या अनिश्चिततेची आहे.

अर्थात 'आमच्याकडे हे सगळे आधीच होते' या गजराला येथे जागा नाही. होते, हे खरे. पण ते ज्यांच्याकडे होते त्यांनीच ऑर्वेलचा नियम डोळे मिटून घेतला, हेही तितकेच खरे. प्रश्नपत्रिकेत औचित्यविचार दहा गुणांना विचारायचा, क्षेमेंद्राचे नाव पाठ करून घ्यायचे आणि परीक्षण लिहिताना फूटपट्टी काढायची, असा हा प्रकार आहे.

याचा अर्थ परिभाषेच्या आश्रयाला राहणाऱ्यांना अभय मिळाले असा नव्हे. १९९५ ते १९९८ या काळात एका तत्त्वज्ञान-साहित्यविषयक अमेरिकी नियतकालिकाने निकृष्ट विद्वत्तालेखनाची स्पर्धा चालवली, आणि अखेरच्या वर्षी पहिला क्रमांक जुडिथ बटलर यांच्या एका वाक्याला दिला. बटलर यांनी १९९९ मध्ये वृत्तपत्रातून उत्तर दिले : रूढ समजुतींना प्रश्न विचारायचे तर रूढ भाषा पुरत नाही. हे उत्तर तत्त्वतः योग्य आहे, पण ते कोणालाही उसने घेता येत नाही. 'संहितेतील अर्थकेंद्राचे विस्थापन' असे लिहिणाऱ्याला पुष्कळदा 'या कवितेचा अर्थ एका जागी सापडत नाही' एवढेच म्हणायचे असते. पुढच्या परिच्छेदात त्या 'विस्थापना'वर काही काम झाले, त्या संज्ञेवाचून न दिसणारे काही दिसले, तर तो शब्द तुळईसारखा आहे. त्याच्यावर भार आहे. भार नसेल तर तुळई नुसती दिवाणखान्यात आडवी पडली आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागते. पण हेदेखील शब्दामागून काय येते ते वाचूनच कळते. परीक्षक पुष्कळदा ते वाचण्याचे कष्ट घेत नाही, कारण विशेषण हाताशी असते.

औचित्याचा निकष सोपा आहे असे मात्र कोणी समजू नये. तो होरेसलाही अडचणीत आणतो. 'किंग लिअर'पुरते त्याचे म्हणणे तंतोतंत जुळते : वादळात निसर्गाला हुकूम सोडणारा लिअर हातभर शब्द बोलतो, आणि पुढे कॉर्डेलियाची ओळख पटताना तो म्हाताऱ्या, चुकल्या माणसाच्या आखूड शब्दांवर येतो. राजा निर्वासित झाला, त्याने शब्द टाकले, प्रेक्षक हेलावला. परंतु लिअरचेच ऋण घेऊन १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये असे घडत नाही. गणपतराव बेलवलकर दरिद्री आहे, मुलांच्या घरांतून बाहेर पडलेला आहे. होरेसच्या दोन्ही अटी तो पुऱ्या करतो. तरी तो शब्द टाकत नाही. उलट जवळचे एकेक सुटत जाते तसतसे तो ते अधिक घट्ट धरतो. कारण तो राजा नाही, राजांचे शब्द बोलून जगलेला नट आहे. टेलिफसचे हातभर शब्द हे त्याचे वस्त्र होते. वस्त्र उतरवल्यावर खाली टेलिफस उरत होता. बेलवलकरच्या बाबतीत खाली कोण उरते, हाच नाटकाचा प्रश्न आहे.

आनंदवर्धनाचे वक्त्याचे औचित्य येथे उपयोगी पडते : बोलणारा नट असल्याने त्याची दीर्घ भाषा त्याला शोभते. पण त्याच आनंदवर्धनाची अभिनेय करुणाविषयीची ताकीद समोरून आडवी येते. म्हणजे एकाच आचार्याच्या दोन अटी एका स्वगतात एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. कावेरीशी, त्याच्या 'सरकार'शी, बोलताना बेलवलकर घरगुती, पायी चालणाऱ्या मराठीत उतरतो. ती गेल्यावर ती भाषा ऐकणारे कोणी उरत नाही, आणि तो पुन्हा रंगमंचाच्या भाषेकडे परततो. पात्राने हातभर शब्द खाली कोठे ठेवले, पुन्हा कोठे उचलले, आणि उचलताना ते तुळईसारखे उचलले की कुपीसारखे, हे स्वगतागणिक तपासावे लागते. होरेसने त्याच पत्रात पुढे म्हटले आहे की पात्राच्या तोंडी न शोभणारे शब्द आले तर आपण पेंगू किंवा हसू. बेलवलकरच्या काही स्वगतांच्या वेळी प्रेक्षक पेंगत नाही, हसतही नाही, आणि तरीही शब्द त्या फाटक्या अवस्थेला शोभणारे नसतात. 'पल्लेदार भाषा' एवढा शेरा मारून पुढे जाणाऱ्या परीक्षणाला येथे काही अडचण आहे याचा पत्ताही लागत नाही.